२५ मीटरचा संघ : साक्कीचं प्रेसिंग आपल्या टीमला कसं शिकवायचं

१९८७ साली आरिगो साक्की मिलानचा मॅनेजर झाला, तेव्हा इटलीत बचाव म्हणजे माणसाला माणूस असंच समीकरण होतं. प्रत्येक बचावपटूच्या वाट्याला एक स्ट्रायकर, तो जाईल तिथे जायचं, आणि सगळ्यांच्या मागे एक लिबेरो, निसटलेला बॉल आवरायला. साक्कीने लिबेरोची जागाच रद्द केली. बचावपटू फ्रांको बारेसीला चौघांच्या ओळीत आणून ती ओळ कधी पुढे घ्यायची आणि कधी मागे, हे त्याच्या हाती दिलं. पहिल्याच मोसमात मिलानने ३० सामन्यांत फक्त १४ गोल खाऊन लीग जिंकली. १९८९ च्या युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत सान सिरोवर रेआल माद्रिदला ५-० आणि बार्सिलोनातल्या अंतिम सामन्यात स्टेआवा बुखारेस्तला ४-० हरवलं. पुढच्या वर्षी बेनफिकाविरुद्ध कप राखला.

या पद्धतीचा दुसरा भाग प्रेसिंग, म्हणजे समोरच्याकडे बॉल असताना सगळ्या टीमने मिळून पुढे सरकत त्याला दाबणं. हे खूप पळण्याचं काम आहे, असा समज पक्का बसलेला आहे आणि त्यामुळेच बहुतेक टीम्स ते दोन आठवड्यांत सोडून देतात. पळणं दुय्यम आहे. शिकवायचं असतं ते अंतर. पहिला माणूस पुढे गेला आणि शेवटचा जागीच राहिला, तर दोघांमध्ये मैदान पडतं आणि समोरची टीम तिथे निवांत खेळते. खाली दिलेलं सगळं ४-४-२ साठी आहे (मागे चार बचावपटू, म्हणजे बॅक फोर : मधे दोन सेंटर बॅक, कडेला दोन फुल बॅक; मग चार मिडफिल्डर, त्यांतले कडेचे दोन विंगर; पुढे दोन स्ट्रायकर), कारण साक्कीचं होतं तेच. शिवाय शिकवायला यापेक्षा सोपी रचना नाही.

आधी अंतरं पाठ करा

मैदान १०५ बाय ६८ मीटरचं धरू. सर्वांत पुढच्या स्ट्रायकरपासून शेवटच्या सेंटर बॅकपर्यंत २५ मीटर, हा साक्कीचा आकडा. हौशी टीमने ३० ते ३५ पासून सुरुवात करावी आणि दीड-दोन महिन्यांत ३० च्या आत यावं. बॅक फोर आणि मिडफिल्ड यांच्यात १० ते १२ मीटर, मिडफिल्ड आणि स्ट्रायकर्स यांच्यातही तेवढंच.

आडवं अंतर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ८ ते १० मीटर. म्हणजे चौघांची ओळ फार तर ३० मीटर रुंद. ६८ मीटरच्या मैदानात निम्म्याहून जास्त रुंदी मोकळी सोडायची, हे खेळाडूंना पहिल्यांदा पटतच नाही. दूरच्या टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला, समोरचा विंगर हात वर करून उभा असतो आणि आपला फुल बॅक त्याच्याकडे ओढला जातो. त्याला गणित समजावून सांगा : तिथे जायला ४० मीटरचा हवेतला पास लागतो, तो दोन-अडीच सेकंद हवेत असतो, आणि तेवढ्यात आपली अख्खी ओळ १२ ते १५ मीटर सरकते. विंगरला बॉल मिळेल, पण आपला माणूसही त्याच वेळी समोर असेल. बॉल एका टचलाइनला असताना दूरच्या फुल बॅकची जागा दूरच्या गोलपोस्टच्या रेषेत. त्याच्या बाहेर एक पाऊलही नाही.

तपासायचं कसं? प्रेक्षकांच्या जागेतून, शक्य तेवढ्या उंचावरून मोबाइलवर शूटिंग करा. समोरच्या फुल बॅकच्या पायात बॉल आला की चित्र थांबवा. तुमचे दहा जण पेनल्टी बॉक्सच्या रुंदीएवढ्या, म्हणजे साधारण ४० मीटरच्या पट्ट्यात बसले पाहिजेत. कोण बाहेर आहे हे त्यालाच दाखवा, सांगावं लागत नाही.

बॉलशिवाय सराव

मिलानेलोच्या सराव मैदानावर साक्की अकरा जणांना रचनेत उभं करायचा आणि बॉल कुठे आहे हे नुसतं तोंडाने सांगायचा. सगळे त्या न दिसणाऱ्या बॉलप्रमाणे सरकायचे. कंटाळवाणं वाटतं, पण याला पर्याय नाही. बॉल समोर असला की डोळे बॉललाच चिकटतात आणि शेजारी कुठे आहे हे कोणी बघत नाही.

आठ कोन्स मैदानभर मांडा आणि त्यांना आकडे द्या : दोन्ही टचलाइनला तीन-तीन, मध्यभागी दोन. तुम्ही आकडा ओरडा, टीम सरकेल. पहिले दोन दिवस चालत, मग जॉगिंगने, मग सामन्याच्या वेगाने. पाच मिनिटं काम, दोन मिनिटं विश्रांती, अशा तीन फेऱ्या पुरतात. त्यापुढे लक्ष उडतं आणि चुकीच्या सवयी लागतात. प्रत्येक आकड्याला तीन सेकंदांत सगळे थांबलेले हवेत.

बॅक फोरसाठी दोरी वापरा. ८ मीटरच्या तीन दोऱ्या, चौघांच्या हातात. कमरेला बांधू नका, कोणी पडला तर दोरी सुटली पाहिजे. यात चालण्यापलीकडचा वेगही नको. दोरी जमिनीला टेकली की दोघे फार जवळ, ताणली गेली की फार लांब. डावा सेंटर बॅक पुढे सरसावतो तेव्हा शेजाऱ्याच्या हाताला हिसका बसतो. आपलं एक पाऊल दुसऱ्यालाही हलवतं, हे फळ्यावरच्या बाणांपेक्षा त्या हिसक्यातून लवकर समजतं. १० मिनिटांनी दोऱ्या काढा आणि तीच सरकासरक लगेच पुन्हा करून घ्या.

ओळ वर की खाली : बॉल झाकलेला की उघडा

या पद्धतीचा जीव इथे आहे, म्हणून सरावाचा सर्वांत जास्त वेळ यालाच द्या. इटालियन प्रशिक्षक 'पाल्ला कोपेर्ता' आणि 'पाल्ला स्कोपेर्ता' म्हणतात, झाकलेला बॉल आणि उघडा बॉल. बॉल ज्याच्या पायात आहे तो पुढे लांब पास देऊ शकत असेल तर बॉल उघडा. देऊ शकत नसेल तर झाकलेला. ऑफसाइडची ओळ, म्हणजे पास सुटताना समोरचा स्ट्रायकर जिच्यापलीकडे असला तर ऑफसाइड धरला जातो ती, कुठे ठेवायची हे या एकाच प्रश्नावर ठरतं.

बचावपटूने बघायचं ते पास देणाऱ्याचं शरीर. त्याची पाठ आपल्या गोलकडे आहे, आपला माणूस त्याच्यापासून दीड मीटरच्या आत आहे, मान खाली आहे किंवा बॉल त्याच्या पायाखाली अडकलाय : झाकलेला. मग ओळ थांबते किंवा तीन-चार मीटर वर येते. याउलट तो आपल्याकडे तोंड करून आहे, समोर दोन-तीन मीटर मोकळे आहेत आणि त्याने बॉल हलकाच पुढे ढकलून मान वर केली : उघडा. तो ढकललेला टच हाच इशारा. पाय मागे जाईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. त्या टचला चौघांनी कंबर अर्धी वळवायची, एक खांदा आपल्या गोलकडे, आणि मागे पळायला सुरुवात करायची. पास आलाच नाही, त्याने बॉल मागे वळवला, तर पुन्हा वर.

मागे पळायचं ते कुठपर्यंत? बॉक्सच्या रेषेपर्यंत, म्हणजे गोलपासून साधारण १६.५ मीटरवर. तिथे ओळ थांबलीच पाहिजे. बॉक्समध्ये घुसलेली ओळ स्वतःच्या गोलकीपरच्या नजरेच्या आड येते आणि समोरच्याला बॉक्सच्या कडेवरून मोकळा शॉट मिळतो.

सराव असा घ्या : ४० बाय ४० मीटरचा चौकोन, चार बचावपटू, गोलकीपर, समोर तीन स्ट्रायकर आणि त्यांच्या २० मीटर मागे दोन पासर. एका पासरवर एक प्रेसर सोडा, दुसऱ्यावर कोणीही नाही. पासर आपापसांत बॉल फिरवतात आणि वाटेल तेव्हा बचावाच्या ओळीमागे टाकतात. प्रेस असलेल्याकडे बॉल गेला की ओळ वर, मोकळ्याकडे गेला की खाली. हुकूम एकाचाच, शक्यतो एका ठरलेल्या सेंटर बॅकचा, आणि शब्द दोनच : 'वर' आणि 'खाली'. चौघे चार हुकूम देऊ लागले की कोणीतरी एक जण दोन मीटर मागे राहतो आणि सगळ्यांना ऑनसाइड करतो. हा एक जण बहुतेक वेळा दूरचा फुल बॅक असतो. ऑफसाइडसाठी हात वर करून रेफ्रीकडे बघत उभं राहण्याची सवयही इथेच मोडा. शिट्टी वाजेपर्यंत पळायचं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. साक्कीच्या पहिल्या तीन मोसमांत बचावपटूच्या बरोबरीत उभा असलेला स्ट्रायकर ऑफसाइड धरला जायचा. १९९० मध्ये नियम बदलला आणि बरोबरीत असलेला ऑनसाइड झाला. पुढे २००५ मध्ये ऑफसाइड जागेत नुसतं उभं राहणं आणि खेळात भाग घेणं यांतला फरक अधिक स्पष्ट झाला. त्यामुळे बारेसीची ओळ जशी एकदम उसळून पुढे यायची, तशी आज आणली तर पुढचा स्ट्रायकर ऑफसाइड जागेतून निवांत चालत परत येतो आणि मागून आलेला मिडफिल्डर मोकळा सुटतो. समोरच्याला ऑफसाइडच्या सापळ्यात पकडण्यासाठी ओळ हलवू नका. अंतर राखण्यासाठी हलवा. ऑफसाइड मिळालाच तर तो वरचा फायदा. मध्यरेषेच्या पुढे ओळ नेण्यातही ऑफसाइडचं काही पडत नाही, कारण स्वतःच्या अर्ध्यात कोणी ऑफसाइड नसतो.

प्रेस कधी सुरू करायचा

सतत प्रेस कोणालाच जमत नाही, मिलानलाही जमत नव्हता. साक्की तीन प्रकार मानायचा : बॉल हिसकावण्यासाठी पूर्ण प्रेस, समोरच्याला एका बाजूला रेटत नेणारा अर्धा प्रेस, आणि दम घेण्यासाठी नुसता आव. आव आणताना स्ट्रायकर दोन पावलं पुढे टाकतो, हात पसरतो, बाकीचे रचना घट्ट करतात, पण कोणी झेप घेत नाही. टीमला हे तिन्ही यायला हवेत आणि कोणता चालू आहे हे अकराही जणांना कळलं पाहिजे.

पूर्ण प्रेससाठी इशारे आधी ठरवून घ्या : सेंटर बॅककडून फुल बॅकला गेलेला हळू पास, गोलकीपरकडे गेलेला बॅक पास, फसलेला पहिला टच, हवेतून खाली येणारा बॉल, आपल्या गोलकडे पाठ करून बॉल घेणारा मिडफिल्डर. सुरुवातीला यांतले दोनच निवडा. पाचही एकदम दिले तर कोणाला एक आठवतो, कोणाला दुसरा, आणि दोघेच पळतात.

पोहोचण्याचं गणित सोपं आहे. २० मीटरचा जमिनीवरचा पास जायला दीड सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात चांगला विंगर ८ ते ९ मीटर कापतो. म्हणून तो समोरच्या फुल बॅकपासून १० मीटरवर उभा असेल तर पहिल्या टचला पोहोचतो. १८ मीटरवर असेल तर तो नुसता पळतोय, आणि समोरच्याला मान वर करायला वेळ मिळतोय. निघायचं पास सुटताच. बॉल पोहोचल्यावर निघालेला माणूस प्रेस करत नसतो, पाठलाग करत असतो.

धाव वाकडी हवी. जवळच्या स्ट्रायकरने सेंटर बॅककडे जायची वाट अडवत बाहेरच्या बाजूला वळायचं, विंगरने टचलाइन मोकळी ठेवून आतला रस्ता बंद करायचा. शेवटचे दोन-तीन मीटर पावलं आखूड, गुडघे वाकलेले. थेट धावत अंगावर गेलेल्या माणसाला एका टचमध्ये चुकवता येतं आणि त्याच्यामागची सगळी मेहनत वाया जाते. त्याच वेळी आपला जवळचा सेंट्रल मिडफिल्डर समोरच्या मिडफिल्डरला चिकटतो, दुसरा त्याच्यामागे तिरका उभा राहतो, आणि बॅक फोर ४ ते ५ मीटर वर येते. ही शेवटची हालचाल विसरली जाते. पुढचे चौघे जीव तोडून पळतात, मागचे चौघे भीतीने जागीच, आणि मधल्या २५ मीटरच्या खिंडारात समोरचा नंबर दहा, म्हणजे हल्ला रचणारा खेळाडू, वळून उभा असतो. अशा वेळी ओरडा स्ट्रायकरवर करू नका, दोष मागच्या ओळीचा आहे.

दहांविरुद्ध पाच

मिलानच्या गुलित आणि व्हॅन बास्टन यांना हे पटवण्यासाठी साक्कीने केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका बाजूला पाच : गोलमध्ये जोव्हान्नी गाल्ली, पुढे तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी, मालदिनी. समोर दहा जण, त्यांत गुलित, व्हॅन बास्टन, रायकार्ड, अँचेलोटी, डोनाडोनी. १५ मिनिटांत गोल करायचा. नियम एकच : बॉल गेला की दहा जणांनी स्वतःच्या अर्ध्यात १० मीटर आतून पुन्हा सुरुवात करायची. साक्की हे वारंवार घ्यायचा आणि त्याच्या सांगण्यानुसार दहांना एकदाही गोल झाला नाही.

तुमच्याकडे हे घेताना आधी ४ अधिक गोलकीपर विरुद्ध ६ असं करा आणि एकेक माणूस वाढवत न्या. वेळ ८ मिनिटं. चौघांनी बाहेरच्या बाजू सोडून द्यायच्या, मधली ३० मीटर धरायची आणि क्रॉस आला तर तोंड बॉलकडे ठेवून काढायचा. गोल होतील, सुरुवातीला बरेच. प्रत्येक गोलनंतर एकच प्रश्न विचारा : बॉल उघडा होता तेव्हा ओळ कुठे होती?

समोरच्या टीमवर काय परिणाम होतो, आणि ती काय करते

१९८९ ची रेआल माद्रिद काही ऐरीगैरी टीम नव्हती. बुत्रागेन्यो, मिचेल, ह्यूगो सांचेझ, शुस्टर अशी नावं होती आणि स्पॅनिश लीग १९८६ पासून १९९० पर्यंत सलग पाच वेळा त्यांनीच जिंकली. तरी मिलानसमोर त्यांच्या मिडफिल्डला बॉल घेऊन वळताच येईना. तुमच्या सामन्यातही प्रेस बसला की आधी हेच दिसेल : समोरचे मिडफिल्डर पाठ करून बॉल घेतात आणि आल्या वाटेने परत देतात. मग बॉल सेंटर बॅकमध्ये घुटमळतो, गोलकीपर लांब किक मारतो, त्यांचे स्ट्रायकर ऑफसाइडच्या धास्तीने मागे येऊन बॉल मागतात. त्यामुळे आपल्या ओळीला आणखी वर यायला जागा मिळते. बहुतेक टीम्स २०-२५ मिनिटांत दोन तुकड्यांत फुटतात, सहा मागे आणि चार पुढे. तो फुटण्याचा क्षण ओळखा, कारण पूर्ण प्रेसचं फळ तेव्हाच मिळतं.

शहाणी टीम मात्र उत्तर शोधते. सर्वांत धोकादायक उत्तर म्हणजे पुढे, मागे आणि आरपार : स्ट्रायकरच्या पायात पास, त्याने एका टचमध्ये मागे मिडफिल्डरला दिलेला, आणि त्या मिडफिल्डरने पाठीमागून निघालेल्या तिसऱ्या माणसासाठी ओळीमागे टाकलेला. त्या मागच्या टचला बॉल झाकलेल्याचा उघडा होतो. म्हणून सेंटर बॅक स्ट्रायकरच्या पाठीला चिकटला असेल तर बाकीच्या तिघांनी आत आणि खाली यायचं, वर नाही. सरावात हा पॅटर्न मुद्दाम खेळवा, आठवड्यातून एकदा तरी.

दुसरं उत्तर गोलकीपर. त्यांचा गोलकीपर पायाने चांगला असेल तर तो अकरावा माणूस होतो आणि दोन स्ट्रायकरना तीन जण भारी पडतात. तिथे गोलकीपरपर्यंत पळत जाण्याचा मोह टाळा. स्ट्रायकरनी दोन सेंटर बॅकच्या वाटा झाकून अर्धा प्रेस ठेवावा. फुल बॅकच्या मागे तिरका लांब बॉल हे तिसरं. याला आपला गोलकीपर उत्तर देतो. ओळ मध्यरेषेपाशी असेल तर त्याची जागा गोलपासून १८ ते २२ मीटरवर, बॉक्सच्या बाहेर. गोललाइनवर उभा राहणाऱ्या गोलकीपरला घेऊन ही पद्धत खेळूच नये. ओळ ८-१० मीटर खाली घ्या आणि प्रेस मध्यरेषेपासून सुरू करा.

हा प्रकार फक्त मोठ्या नावांच्या टीमला जमतो असं नाही. जर्मनीत वोल्फगांग फ्रांक यांनी नव्वदच्या दशकात माइन्झच्या साध्या टीमला मिलानच्या व्हिडिओंवरून झोनल बचाव शिकवला. पुढे नावाजलेला प्रशिक्षक झालेला युर्गन क्लोप त्या टीममध्ये बचावपटू होता.

सामन्यात

पहिली १५ मिनिटं पूर्ण प्रेस, मग आव आणि अर्धा प्रेस आलटून पालटून, हाफटाइमनंतर पुन्हा १० मिनिटं पूर्ण. ६५ व्या मिनिटाच्या आसपास टीम ताणली जाऊ लागते. ते ताणणं आधी दिसतं स्ट्रायकर आणि मिडफिल्ड यांच्यात, म्हणून बदली आधी पुढच्या माणसाची किंवा विंगरची करा, सेंटर बॅकची नाही. ताजा स्ट्रायकर नसेल तर दोघांनाही मध्यरेषेच्या खाली बोलवा. प्रेस २० मीटर मागे सुरू झाला तरी चालेल, २५ मीटर सुटता कामा नयेत.

आपला कॉर्नर वाया गेला की दोन्ही सेंटर बॅक समोरच्या बॉक्समध्ये अडकलेले असतात. मागे ठेवलेल्या दोघांनी त्या वेळी ओळ धरून बसायचं नाही. बॉल उघडाच समजून सरळ खाली यायचं. आणि थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, हे फुल बॅकना दर सामन्याआधी पुन्हा सांगा. टचलाइनला बॉल गेल्यावर ओळ सवयीने वर येते आणि त्यांचा स्ट्रायकर तिच्यामागे एकटा उभा असतो.